खिशातलं जेवण

मी लहानपणी काही खात नव्हते, हे साफ खोटं आहे. आमच्या गावात माझं लहानपण आठवणारी थोडी म्हातारी माणसं अजून शिल्लक आहेत, ती भेटली की माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि तेच जुनं तुणतुणं वाजवतात. "तू गो, काय्येक खाय नाय होतंस. वाऱ्यार उडान जाशीत असा वाटायचा." मी उडून गेले नाही. मला 'सुकट' म्हणून हाक मारणारे कितीतरी धडधाकट लोक वर गेले, आणि सुकट अजून भल्या सकाळी कातळावर फेरी मारून येते. तेव्हा हे प्रकरण मी भांडायलाच बसून लिहिते आहे, हे आधी सांगून ठेवते. ज्यांना म्हातारपणी माणसाने गोड बोलावं असं वाटतं, त्यांनी पान उलटावं.

आमचं घर मालवणच्या अलीकडे, खाडीपासून थोडं वर. पुढे भातशेती, मागे नारळ, आणि त्याच्या मागे चढण चढलं की सडा, म्हणजे काळ्या कातळाचं उघडंबोडकं माळरान. घरात माणसं पुष्कळ, पण राज्य दोघांचं. बाहेर माझे थोरले काका, आप्पा, आणि स्वयंपाकघरात त्यांची विधवा बहीण, माझी आते. माझे बाबा शांत; जे ठरेल त्याला मान हलवणारे. आई धाकटी सून. थोरल्या दिरांसमोर ती बोलत नसे. त्यांची चाहूल लागली की डोक्यावर पदर घ्यायची आणि दाराआड व्हायची. घरातले आवाज आठवायला बसले की आधी पहाटेचा आडाळ्यावर नारळ खवण्याचा खरखर आवाज येतो, मग वायनात मुसळ पडल्याचा धप्प आवाज, मग आतेचा. "ऊठ गो सुकटा, पेज थंड झाली." उकड्या तांदळाची ती पेज आमच्या मुलखात अमृत समजतात. आजारी माणूस पेजेवर उठतो, नांगरधरी पेजेवर राबतो, हे मला सगळं मान्य आहे. पण ती गिळगिळीत पेज घशाखाली उतरताना मला शहारे यायचे, त्याला मी काय करू? मऊ भात नको, वरण कालवलेलं नको, दुधात कुस्करलेलं काही नको. वाटी पुढे आली की माझे ओठ असे मिटायचे की आतेने सांडशी आणली असती तरी उघडले नसते.

मला दाताखाली वाजणारं हवं असायचं. एवढी साधी गोष्ट होती. भाजलेले काजूगर, ओल्या खोबऱ्याची कातळी, चुलीतल्या राखेत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, काट्यासकट कुरकुरीत तळलेले बारीक पेडवे, रताळ्यासारखा कंद असतो ती कणगी उकडलेली नको, पण तीच निखाऱ्यावर साल जळेपर्यंत भाजली तर हवी. खापरोळी नारळाच्या गोड रसात बुडवून खातात; मी ती बुडवायच्या आधी, कडेला लालसर झालेली, तव्यावरून उचलून पळायचे. पळायचे हे महत्त्वाचं. बसून जेवणं हा प्रकार मला जमत नव्हता. एक पाय झाडावर, एक खाडीत, असं माझं चाललेलं असायचं. आतेचा कायदा मात्र पक्का होता. पाटावर बसून, ताटातलं, वाढलेलं संपवलं ते खाणं. बाकी सगळं चरणं. "ता खायना, ता नुसता चरता," असं ती माझ्याबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि माझं पेजेचं भरलेलं ताट पुराव्यासारखं दाखवायची. दिवसभर मी किती चघळलं, किती कुरतडलं, ते कुणी कशाला मोजेल? ताट भरलेलं उठलं की मी उपाशी, एवढाच त्या घरचा हिशेब.

आतेचा जीव माझ्यावर होता, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. तिने मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. वैद्याकडून कडू काढा आणला. मालवणच्या डॉक्टरने माशाच्या तेलाची बाटली दिली, ती रोज सकाळी चमचाभर माझ्या तोंडात ओतून आते पाठ फिरवायची, आणि मी मागच्या दारी जास्वंदीच्या मुळाशी थुंकून यायचे. पुढे पुढे शेजारचं मांजर त्या जास्वंदीखालीच मुक्कामाला आलं. आते म्हणाली, "बघ गो, मांजराकसुद्धा फुलां आवडतत." आई तेव्हा भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हसत होते.

आईला सगळं ठाऊक होतं. घरात तेवढीच एक होती, जी माझ्या ताटाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची. मी चौथी पास झाले आणि पुढच्या वर्गांसाठी सड्यापलीकडच्या गावात चालत जायला लागले, तेव्हा तिने माझ्या परकराला आतून एक खोल खिसा शिवला. जुन्या जाडेभरड्या पिशवीचा तो तुकडा होता, धुतला की वाळता वाळायचा नाही. रोज सकाळी मी निघताना ती मला गोठ्याच्या आड बोलवायची आणि तो खिसा भरायची. नाचणीची भाकरी निखाऱ्यावर पार कडक करून मोडलेले तुकडे, गुळाचा खडा, खोबरं, काजूगर, भाजलेले कुळीथ. मासळीचे दिवस असले की केळीच्या पानात गुंडाळलेला, कांदा-खोबऱ्याबरोबर भाजलेला सुका जवळा. "चलता चलता खा. बसान खाव नको," ती हळूच सांगायची. शाळा येईपर्यंत खिसा निम्मा व्हायचा, परतीच्या वाटेवर उलटा करून झटकायचा. सड्यावरच्या वाऱ्यात तोंडात भाकरीचा कुर्रकुर्र आवाज घुमायचा तसं सुख मला पुढे कुठल्या पंगतीत मिळालं नाही.

हे सगळं कुठून यायचं, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पुरुषांची पंगत आधी, मग मुलांची, मग बायका, आणि सगळ्यांत शेवटी धाकटी सून. तिच्या वाटणीचं ताट मी कधी नीट पाहिलं नव्हतं. चुलीशी उकिडवं बसून, जे उरलं असेल ते, गार झालेलं. आईची मनगटं माझ्या मनगटांपेक्षा फारशी जाड नव्हती. पण तिला कुणी सुकट म्हणालं नाही. सुनेच्या अंगाकडे त्या नजरेने बघायची रीतच नव्हती.

आता मुलांच्या खाण्यावर पुस्तकं निघतात. माझी सून नातवाच्या मागे वाटी घेऊन घरभर फिरते, डब्यातली चॉकलेटी भुकटी दुधात ढवळते, आणि तो पठ्ठा मान फिरवतो. मी तिला सांगितलं, अगं बाई, ती वाटी ठेव खाली आणि त्याच्या चड्डीचा खिसा भर. ती म्हणाली, कपडे खराब होतात. होऊ देत की! कपडे धुता येतात.

तर माझं हे बरं चाललं होतं, आणि त्यात काशी झाली ती कुडाळच्या पाहुण्यांमुळे. थोरल्या काकीचे कुणी नातेवाईक जेवायला आले होते. चार माणसांत प्रतिष्ठेने बोलायची सवय असलेले गृहस्थ. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, तर माझ्याकडे बघून आप्पांना म्हणाले, "काय हो, भाताची कणगी भरलेली दिसते, मग या मुलीलाच कसं काही मिळत नाही?" आणि स्वतःच हसले. आप्पा हसले नाहीत. आप्पांना भुकेलं म्हटलेलं चाललं असतं, कंजूष म्हटलेलं चाललं असतं, पण त्यांच्या घरातलं पोर उपाशी दिसतं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी बाबांना बोलावलं. आते दारात उभीच होती.

"खाता ता सगळा सड्यार सांडून येता," आते म्हणाली. "एवढा चलल्यावर अंगाक काय लागतला?"

"शाळा बंद," आप्पा म्हणाले. "घरात बसांदे. दूध-तूप खावंदे. अंगार मांस चढला की परत धाडूया. शाळा काय पळान जाता?"

बाबांनी मान हलवली.

शाळा पळून जात नाही, हे खरं. पण मुली परत जात नाहीत, हे घरातल्या लहानशा पोरालाही माहीत होतं. माझी चुलतबहीण सुमन अशीच 'थोडे दिवस' घरी बसली होती, आईला म्हणजे काकीला बरं नव्हतं म्हणून. त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर पडली ती हळद लावून, बैलगाडीत बसून. मला सुमनची ती गाडी डोळ्यांसमोर दिसायला लागली. मी पाटावर बसले आणि आतेने वाढलेली पेजेची वाटी उचलून, नाक धरून, पिऊन टाकली. अर्ध्या तासात ती सगळी ओटीच्या पायरीवर आली. आते म्हणाली, "बघितलास? पोटात ठरनासुद्धा नाय." म्हणजे खाल्लं तरी शाळा बंद, न खाल्लं तरी बंद. त्या दिवशी मला जो राग आला, तो मी अजून जपून ठेवला आहे.

आमच्याकडे मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नाही. जत्रा आठवड्यावर आली होती. आप्पांनी ठरवलं, जत्रेच्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालायचं, नारळ ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून मला घरी बसवायचं. ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गावचा मानकरी देवासमोर उभा राहून तुमचं दुखणं मोठ्याने, खड्या आवाजात देवाला सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हा हुंकार मिळाला की गोष्ट पक्की. तिथे ठरलेलं मोडायची कुणाची छाती होत नाही. हुंकार देणाऱ्यांचं लक्ष मात्र अर्धंअधिक बाहेरच्या दुकानांकडे असतं, गुळात घोळवलेल्या, आलं घातलेल्या खाज्याच्या वासाकडे असतं. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं.

जत्रेच्या सकाळी आईने मला गोठ्याच्या आड बोलावलं. शाळा नव्हती, तरी तिने खिसा भरला. मी विचारलं, "आज कित्याक?" ती म्हणाली, "भूक खंय वार बघून लागता?" बस, एवढंच बोलली.

दुपार कलली होती. देवळाच्या सभामंडपात पुरुष पुढे, बायका मागे खांबांपाशी. मला पुढे उभं केलं होतं, आप्पांच्या बाजूला. तातू गावकर हे आमचे मानकरी. उंच, काळे, घोगऱ्या आवाजाचे. त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्याम्होरां नारळ ठेवलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या घरात भाताची कणगी भरलेली आसा, माडार नारळ आसत, गोठ्यात दूध आसा!" हे आप्पांनी मुद्दाम घालायला लावलं होतं. देवासाठी नाही, कुडाळच्या पाहुण्यांच्या टोमण्याला उत्तर म्हणून.

"व्हय म्हाराजा!"

"असा असान ह्या चेडवाक भूक म्हणान लागना नाय!"

"व्हय म्हाराजा!"

माझी भूक, आणि होकार देतंय सारं गाव!

"सडो तुडवन तुडवन ता सुकान गेला!"

"व्हय म्हाराजा!"

"तर म्हाराजा, तेची शाळा उद्यापासून बंद करून तेका घरात बसवतत, ता तू मान्य करून घे, आणि तेच्या अंगार मांस चढव रे म्हाराजा!"

तातू गावकरांनी श्वास घेतला, लोकांनी तोंडं उघडली, आणि त्या फटीत मी ओरडले, "नाय म्हाराजा!"

ढोलावरचा हात थांबला. बाहेर खाजावाला कढईत गूळ ढवळत होता, तो आवाज आत स्पष्ट ऐकू आला. आप्पांनी माझा दंड धरला. "थोबाड बंद कर!"

"आप्पानू, थांबा," तातू गावकर म्हणाले. "गाऱ्हाण्यात कोणी नाय म्हटला, तर तेचा आयकाक लागता." असा नियम होता की नाही, देव जाणे. आजवर कुणी नाय म्हटलंच नव्हतं, त्यामुळे नियमाची गरज पडली नव्हती. ते माझ्याकडे वाकले. "काय गो? तुका काय सांगाचा आसा? माका नको, देवाक सांग."

मी देवाकडे तोंड केलं. गाऱ्हाणं कसं घालतात ते मला पाठ होतं. ऐकत तर आले होते जन्मापासून.

"बा देवा म्हाराजा! माका भूक लागता!"

कुणी हुंकार दिला नाही. सगळे आप्पांकडे बघत होते. बाबा जमिनीकडे. त्या शांततेत मी एकटी पडले, आणि वाटलं, संपलं आता. तेवढ्यात मागून, खांबाजवळून, एक बारीक आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

माना वळल्या. आई उभी होती. पदर डोक्यावर होता, पण ती खांबाआड गेली नव्हती. तिचा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. आप्पांनीही बहुधा नव्हता.

मग मला कोण अडवणार! "मी खातंय म्हाराजा! चलताना खातंय, पळताना खातंय!" असं म्हणून मी खिसा उलटा केला. कडक भाकरीचे तुकडे, काजूगर, खोबरं, गूळ सगळं फरशीवर पसरलं, आणि सगळ्यांत शेवटी खिशाच्या तळाशी राहिलेला आदल्या दिवशीचा जवळा. देवळात, जत्रेच्या दिवशी, सुकी मासळी! आतेने कपाळावर हात मारला. तातू गावकरांनी एक काजूगर उचलला, पारखला, आणि त्या जवळ्याकडे पाहून म्हणाले, "देव आमचोच आसा, तेका चलता." मागे बायका फिसकन हसल्या.

"व्हय म्हाराजा," आई परत म्हणाली. या वेळी तिच्या आजूबाजूच्या बायकाही म्हणाल्या.

"माका पेज नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पुरुषांतूनही आवाज आला.

"आणि माका शाळेत जावचा आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा सभामंडप दणाणला. माझ्या बाजूने म्हणाले, की गंमत वाटली म्हणून म्हणाले, की वाक्य संपलं म्हणून तोंडं आपोआप उघडली, ते मला ठाऊक नाही आणि त्याची पर्वाही नाही. आप्पांचे ओठसुद्धा हलले, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. जन्माची सवय, ती अशी जाते थोडीच? तातू गावकरांनी नारळ फोडला. हुंकार मिळाला होता. आप्पा माझा दंड सोडून एवढंच म्हणाले, "देवाम्होरां झाला. आता मी काय बोलतलंय!" माझी शाळा सुटली नाही. पुढे मी मास्तरीण झाले आणि वर्गात कुणी पोर बाकाखाली तोंड हलवताना दिसलं, तर त्याला कधी उभं केलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. सणाचे वडे होते आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. आई आल्या आल्या पदर खोचून चुलीसमोर बसली, वडे तळायला लागली. आते वाढत होती, भांड्यांचे आवाज जरुरीपेक्षा मोठे करत होती. पुरुषांची पंगत उठली, मुलांची बसली. माझ्या पानात वडा पडला, फुगलेला, गरम. वडा गरम असतानाच कुरकुरीत असतो, गार झाला की चामड्यासारखा होतो, हे मी तेव्हाच मोठ्याने बोलले असेन. माझी सवयच ती. आईने माझ्याकडे पाहिलं. ती ज्या दिवसापासून त्या घरात आली होती त्या दिवसापासून तिने दर सणाला वडे तळले होते, आणि दर सणाला शेवटचे, गार, चिवट वडे खाल्ले होते.

तिने झारा कढईवर आडवा ठेवला. हात पुसले. भिंतीला टेकवलेला एक पाट ओढून माझ्या शेजारी मांडला, केळीचं पान घेतलं, आणि बसली.

आते भांडं घेऊन उभीच राहिली. "आणि गो मंदा, वडे कोण तळतला?"

"माकाय भूक लागता, वन्सं," आई म्हणाली, आणि तिने माझ्या पानातला वडा मोडून निम्मा स्वतःच्या पानात घेतला. त्यातून वाफ येत होती.